डावीकडे ओढणारं स्टिअरिंग

डोमाजीभाऊ कुठल्याही स्टिअरिंगसमोर बसले, की आधी त्याला हात लावून कपाळाला लावायचे आणि मग डावीकडे बघून विचारायचे, "बसला ना रे?" डावीकडे कोणी नसायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच हॉटेलात, आणि तेही खेळण्यातल्या मोटारीवर. भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण तो प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही.

ती मोटार म्हणजे आमच्या ह्यांचा नसता उद्योग. साकोलीच्या बसस्टँडजवळ आमचं चहा-आलुबोंड्याचं हॉटेल बरं चाललं होतं. पण ऐंशी सालाच्या आसपास कुठल्याशा मोडलेल्या मेळ्यातून ह्यांनी हे धूड उचलून आणलं. मोठी लाकडी पेटी, पुढे खऱ्यासारखं स्टिअरिंग, काचेमागे फिरणाऱ्या पट्ट्यावर रंगवलेला रस्ता आणि त्यावर पत्र्याची लाल मोटार. नाणं टाकलं की रस्ता पळायचा. मोटार रस्त्याबाहेर गेली की लाल दिवा लागायचा आणि भोंगा बोंबलायचा. आता गंमत अशी, की जरा वेळ चालवलं की स्टिअरिंग आपोआप डावीकडे ओढायचं. गिऱ्हाईक ह्यांच्याशी भांडायचं आणि मी आतून ओरडायची, "घ्या! आणा अजून खेळणी!"

दुरुस्तीला डोमाजीभाऊ आले. मागच्या गल्लीत त्यांचं पंप आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण मूळचा माणूस ट्रक ड्रायव्हर. नाकाडोंगरीच्या बाजूला चालवायचे. धाकटा भाऊ नत्थू त्यांचा क्लीनर, डावीकडे बसणारा. एकदा भर दुपारी ट्रक डावीकडे गेला आणि नाल्यात कलंडला. नत्थू जागीच गेला. भाऊ सांगत राहिले, "गाडीनं ओढलं जी." तपासणाऱ्या साहेबाने उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवून पाहिलं आणि दोष नाही म्हणाला. लोक म्हणाले, ड्रायव्हरला डुलकी लागली. करडीला राहणाऱ्या त्यांच्या मायनेही तेच धरलं. त्या दिवसापासून तिने या लेकाच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्याच्याशी बोललीही नाही. भाऊंनी ट्रक सोडला.

तर असा माणूस आमच्या त्या पेटीपुढे चपला काढून बसला. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. भाऊ शांतपणे म्हणाले, "चाक खोटं असन, पन धरणारा तं खरा आहे ना?"

स्टिअरिंगच्या दांड्याला आत दोन स्प्रिंगा होत्या. एक डावीकडे ओढणारी, एक उजवीकडे. दोन्ही सारख्याच जोराने ओढत असल्या की चाक मधोमध. पेटी उघडून बघावं तर दोन्ही जागच्या जागी, आणि लावून चालवावं तर पुन्हा डावीकडे. आमचे हे वैतागले. भाऊ म्हणाले, "उभ्या गाडीले काहून इचारता? चालत्या गाडीले इचारा ना." आणि ह्यांना खेळायला बसवून, स्वतः बॅटरी घेऊन पेटीखाली आडवे झाले. तेव्हा सापडलं. उजव्या स्प्रिंगचा आकडा झिजला होता. हादऱ्याने तो खाचेतून घसरायचा आणि चाक सोडलं की परत जागेवर बसायचा.

"वहिनी, पायलं का! उभ्या गाडीत दिसतच नाही हे!" भाऊ बाहेर आले आणि फरशीवर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी साकोलीची मंडई. दिवाळीनंतरच्या त्या जत्रेला पाहुण्यांनी घरं भरतात. गर्दी हातची जायला नको म्हणून ह्यांनी लगेच नवी स्प्रिंग बसवून घेतली. मी स्वतः चालवून पाहिली. मोटार नाकासमोर चालली.

मंडईला भाऊंची माय लेकीकडे आली होती. सकाळीच भाऊ माझ्याकडे आले. "वहिनी, मायले आना ना. माह्या सांगण्यानं ते येत नाही."

मी गेले. "चला माय, मोटार चालवा."

"मले काय येते वो मोटार?"

"मला तरी कुठे येते? चला!"

आली म्हातारी. लेकाला बघून पदर पुढे ओढला. जात्याचा खुंटा धरावा तसं तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. रस्ता पळायला लागला. थोडा वेळ मोटार बरी चालली, मग चाक डावीकडे ओढायला लागलं. माय दोन्ही हातांनी उजवीकडे ओढत होती, ओठ दाबून, सगळा जोर लावून. लाल दिवा, भोंगा.

मी चकित झाले. काल तर सरळ चालली होती! मग भाऊंच्या मुठीकडे लक्ष गेलं. बोटांमधून नव्या स्प्रिंगचं टोक दिसत होतं. मी मायला आणायला गेले तेवढ्यात जुनी त्यांनी परत लावली होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी किटलीत बघायला लागले.

माय चाक धरूनच बसली होती. "मी तं डोरे उघडेच ठेवले होते बाप्पा," ती म्हणाली. "तरी गेली." मग मान न वळवता, "तुहीबी अशीच गेली?"

भाऊंनी होकाराची मान हलवली.

"पाणी आन," माय म्हणाली.

भाऊ तांब्या घेऊन असे धावत आले, की अर्धं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं मायने घटाघटा पिऊन टाकलं. मी पदराने डोळे पुसत राहिले. स्प्रिंगचं ह्यांना मी कधीच सांगितलं नाही, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

दुपारी सगळे मंडईतली दंडार, म्हणजे नाचगाण्याचं सोंग, बघायला गेले. हॉटेल रिकामं. भाऊंनी पेटी उघडून नवी स्प्रिंग पुन्हा चढवली.

"झालं ना भाऊ आता? मायला पटलं."

"मायले पटलं, वहिनी."

ते चाचणीला बसले. चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि डावीकडे वळले. मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते.

"नत्थू," ते हळूच म्हणाले, "मी झोपलो होतो का रे?"

काचेमागे रस्ता पळत होता. मोटार अगदी सरळ चालली होती.