मधल्या तीन खुणा

आमचं घराणं मासे मारणारं. खडकपूर्णेच्या काठाला, गावापासून जरा खाली, आम्हा भोयांची अकरा घरं होती. आमचे पूर्वज दुष्काळात निजामाच्या मोगलाईतून नदीच्या कडेकडेनं चालत आले आणि जिथे उन्हाळ्यातही डोह आटला नाही तिथे थांबले, एवढंच घरात सांगितलं जाई. त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. पण सरकार कुठलंही असो, आमचं सगळं नदीवर चाले.

दारात कायम जाळी वाळत असत. बाभळीची साल उकळून त्या काढ्यात जाळं बुडवायचं, म्हणजे सूत कुजत नाही. तो तुरट वास आणि मरळ-वाम माशांचा वास मिळून जे काही होई ते आमच्या कपड्यांत, केसांत, अंथरुणात मुरलेलं असे. मी गावातल्या शाळेत बसलो की मागून कोणी तरी म्हणे, "सरका बे, झिंग्याची टोपली आली." सगळे हसत, मीही हसे. पुढे फायनलची परीक्षा पास झालो आणि मास्तरकीच्या शिक्षणासाठी माझं नाव लागलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. दसऱ्यानंतर निघायचं ठरलं. त्या दिवसांत मी रोज दोन-दोनदा अंग घासून धूत असे.

आमच्या घराकडे मासेमारीखेरीज आणखी एक काम होतं. गाव अलीकडे, दुसरबीडचा बाजार पलीकडे. पावसाळ्यात गाड्या बंद असत. पाणी ओसरलं की गाड्यांसाठी उतार कुठे धरायचा हे आमच्या घरातला माणूस ठरवी. दर पुरात तळ बदलतो. कालचा उथळ भाग आज खड्डा झालेला असतो. म्हणून निरगुडीच्या काठ्या घेऊन पाण्यात उतरायचं, पायानं तळ चाचपत हळूहळू पलीकडे जायचं. गाडीच्या दोन्ही चाकांच्या अंतराएवढं डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, भुई घट्ट लागली की काठी रोवायची आणि तिला पांढरी चिंधी बांधायची. अशा पंधरा-सोळा खुणा झाल्या की गाव गाड्या घाली. सुगीला घरटी पायलीभर ज्वारी त्याबद्दल मिळे. पण ज्वारीपेक्षा मान मोठा होता. पाटीलसुद्धा आधी बापाला विचारून मग बैल पाण्यात घालत.

त्या वर्षी बापाच्या दोन्ही डोळ्यांवर साय आलेली होती. त्यानं ते फक्त मला सांगितलं.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "यंदाच्या खुना तू रोव. मी काठावर उभा राह्यतो. सकाळीच जाऊ, कोणी नसते तवा. लोकायले वाटू दे म्याच रोवल्या."

"हाव, बा."

"अन् आयक. पोहू नको. चालत जाय. मधात लई थंड लागंल, तरी चालतच जाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पाण्यात उतरलो. पहिल्या सात खुणा मी नीट रोवल्या. मग पाणी छातीला लागलं. ओढ होती, गारठा हाडांत शिरत होता, आणि माझ्या मनात एकच विचार चालू होता, की हे काम मी शेवटचं करतोय, एकदाचं संपावं. मी पाय उचलले आणि पोहलो. लहानपणापासून पाण्यात वाढलेल्या माणसाला पोहणं हे चालण्यापेक्षा सोपं वाटतं. मधल्या तीन खुणा मी पोहत पोहतच, गेल्या वर्षीच्या अंदाजानं, अंगाचा भार टाकून खुपसल्या. तळाला पाय लावला नाही. पलीकडे पुन्हा पाय टेकले तिथून शेवटपर्यंत नीट रोवल्या. काठावरून बघितलं तर चिंध्यांची रांग सुतात होती.

परत आल्यावर बापानं विचारलं, "चालत गेल्ता ना?"

"हो."

त्यानं माझ्या दिशेनं मान हलवली. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. एव्हाना पाणी ओसरून मांडीच्या वर राहिलं नव्हतं, म्हणून गाड्या सुटल्या. पहिली गाडी आमच्या गावातल्या एका माळ्याची होती. तो पुढे बैलांच्या कासऱ्याला, मागे वांग्यांच्या पाट्यांमध्ये त्याची बायको. भोयवाड्यावरून जाताना तिनं माझ्या आईला हाक मारली होती, "काकू, येताना हिरव्या मिरच्या ठेवते तुमच्यासाठी." गाडी सातवी खूण ओलांडून गेली. मग डावं चाक एकाएकी खाली बसलं, बैल तिरपे झाले, गाडी उलटली. माळी जुवाला लटकून राहिला. पाट्या तरंगत खाली गेल्या. बाई दिसेना.

मी काठावर होतो. माझ्या आधी बाप पाण्यात शिरला. पाण्याखाली डोळ्यांचं काम नसतं. तो हातांनी चाचपत गाडीखाली गेला. वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तिला घेऊन वर आला. तिचं लुगडं चाकाच्या आऱ्यात अडकलं होतं. वाळूवर पालथी निजवून पाठ दाबली, पाय धरून उलटी केली. काही उपयोग झाला नाही.

बाप वाळूत बसला होता. त्या खड्ड्याच्या कडेला त्याचे पाय लागले होते. खुणेची काठी भुईत चार बोटंही गेलेली नव्हती, हेही त्याच्या हाताला लागलं असणार. मी चाललो नाही हे त्याला त्याच वेळी कळलं.

गाव गोळा झालं. पाटलांनी विचारलं, "खुणा कोणी रोवल्या?"

"म्या," बाप म्हणाला.

पाटलांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मी चिंध्यांकडे पाहत होतो. तोंड उघडायला मला वेळ मिळाला होता, पुष्कळ मिळाला होता. मी ते उघडलं नाही. मला आठ दिवसांनी निघायचं होतं.

त्या वर्षापासून उताराचं काम आमच्या घराकडून गेलं. गावानं वरच्या अंगाच्या दुसऱ्या भोयाला बोलावलं. बाप त्यानंतर अकरा वर्षं जगला. मी मास्तर झालो, सुट्टीत घरी जाई, त्याच्यापुढे बसून जेवी. त्यानं मला त्याबद्दल कधी एक शब्दही विचारला नाही. मीही सांगितला नाही. आई मात्र मेथीची भाजी निवडताना एकदा म्हणाली, "बुढा आता काठावर जात नाही. पोरं दगडं मारतेत." मी हातातली मेथीची काडी खाली ठेवून उठलो, एवढंच केलं.

बापाला जाऊन आता नऊ वर्षं झाली आहेत. मागच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो आणि त्या माळ्याच्या मळ्यात जाऊन उभा राहिलो. तो पार म्हातारा झाला आहे. विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथे बसून कांदे निवडत होता. मी सगळं सांगितलं. पोहलो, खोटं बोललो, गप्प राहिलो.

त्यानं हातातला कांदा खाली ठेवला नाही. म्हणाला, "हे सांगाले इतक्या लांबून आला काय, मास्तर?"

"हो."

"मले माहीत हाये. साऱ्या गावाले माहीत होतं. बुढा बाजारात मरळीच्या जागी वाम देत होता लोकायले. आंधळा मानूस खुना रोवते काय बे?"

मी विचारलं, "मग त्या दिवशी कोणी काऊन नाही बोललं?"

"बाप पुढं झाला. भर गावात त्याले खोटं पाडावं काय आम्ही? आम्ही तुही वाट पाह्यली. आठ दिवस पाह्यली. तू मोटारीत बसून गेला."

"आणि उताराचं काम?"

"ज्या घरात खोटं चालते त्या घराच्या खुनेवर गाडी कशी घालावी? बुढ्यानं खोटं सांगितलं, तू ते चालू देलं. तुह्या जागी तो बोल्ला, हे आम्ही समजलो. पर काम नाही देल्लं." मग त्यानं सुनेला हाक मारली, "चहा टाक वं मास्तरले."

मी नको म्हणालो. तो म्हणाला, "घे. पानी मागू नको फक्त माह्याकडं. ती पान्यात गेली, तुले पानी मले द्यावत नाही."

चहा झाल्यावर तो आपणहून बोलला. "मले सांगून काय भेटलं तुले? मी रागच नाही धरला बुढ्यावर. तिच्या माहेरी जाय. अमडापुराकडं. तिचे भाऊ अजून म्हनतेत, त्या भोयानं आमची बहीण मारली. त्यायच्या लेकरायलेबी तेच सांगतेत. म्या किती खेप सांगितलं, आयकत नाही. ते तुह्या तोंडून पाह्यजे."

मी जातो म्हणालो. गावाचं नाव विचारून घेतलं, भावांच्या घराची खूण विचारून घेतली. अमडापूरपर्यंत सर्व्हिस मोटार जाते. माझी शाळा दिवाळीत महिनाभर बंद होती. ती सुट्टी मी घरी, अंगणात बसून काढली. आता हे लिहितोय ते उन्हाळ्याची सुट्टी सुरू व्हायच्या आधी. बायकोनं सकाळी विचारलं, या खेपेला कुठे जायचं का, आणि मी म्हणालो, बघू.