चार खांब आणि एक चेहरा

स्टुडिओतल्या त्या बाईंना सारा बाजार ओळंबाताई म्हणत असे. वडील गवंडी, ओळंबा सोडून, एक डोळा मिटून भिंत जोखणारे. लेकीने थापी धरली नाही, पण तो मिटलेला डोळा मात्र वारशात घेतला. नवरा फोटो काढी आणि त्या संगणकापुढे बसून फोटोंतल्या भिंती उभ्या करीत. कललेली चौकट दिसली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. नवरा म्हणे, "मी जरा तिरका बसलो तरी ही मला सरळ करते!"

एकदा वाचनालयाच्या निरोप समारंभाचा फोटो आला. दोघे एकाच दिवशी निवृत्त होत होते: मोठे साहेब, तिथे तीन वर्षे, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, तिथे एकतीस वर्षे. समोरचा रस्ता अरुंद, मागे सरकायला जागा नाही. म्हणून नवऱ्याने अल्ट्रावाइड लेन्स चढवली. तिच्या पोटात वाचनालयाचे दर्शनी चारही खांब मावले, चाळीस माणसे मावली. फक्त खांब पिंपासारखे फुगले. साहेब मधोमध. मावशी, जन्मभराच्या सवयीने, अगदी कडेला.

ओळंबाताईंनीही, सवयीनेच, लेन्स दुरुस्तीची कळ दाबली. खांब ताठ झाले. त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि भिंतीवर लावायची मोठी प्रत छापून टाकली.

दुसऱ्या दिवशी साहेब ती न्यायला आले, मागोमाग मावशीही. त्या म्हणाल्या, "भिंतीवर लागणारा माझा पहिलाच फोटो, म्हटलं आधी बघून घ्यावा." त्यांनी चष्मा पुसला. एकेक चेहरा ओळखत बोट कडेपर्यंत आले आणि थबकले.

"छान आलाय हो," त्या हळूच म्हणाल्या. "मीच अंगाने सुटले असेन अलीकडे."

ओळंबाताईंनी वाकून पाहिले. खांब सरळ करण्यासाठी कडा ताणल्या गेल्या होत्या. त्या ताणात मावशींचा लहानसा, सुरकुतलेला, गोड चेहरा ताटासारखा पसरला होता. डावा खांदा तर चौकटीबाहेर कापला गेला होता. आणि ही माउली दोष कोणाला देते? स्वतःच्या अंगाला!

"मावशी, तुम्ही सुटला नाहीत. मी आंधळी झाले." त्यांनी दुरुस्ती शून्यावर आणली. पडद्यावर मावशी पुन्हा मावशी झाल्या, खांदा परत आला; खांब मात्र पुन्हा फुगले.

"अहो ताई, हे काय?" साहेब चपापले. "इमारतीची शानच गेली! त्या तर कडेलाच आहेत. तेवढा भाग कापून टाका की."

सज्जनहो, ओळंबाताईंचा आवाज त्या बाजारात कोणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"कापून टाका? ज्या हातांनी एकतीस वर्षं ते खांब पुसले, ते हात कापून खांब मिरवायचे? खांब माणसांनी उभे केले, साहेब. हा चेहरा देवाने घडवलाय. दगडाच्या शानीसाठी तो ताणायचा अधिकार मला कोणी दिला? तुम्हाला कोणी दिला?"

"तुम्ही उगाच..."

"या इकडे. त्या दाराच्या कडेला उभे राहा." साहेब गोंधळून उभे राहिले. ओळंबाताईंनी तीच लेन्स लावली, साहेबांना चित्राच्या टोकाशी धरून फोटो काढला, संगणकावर घेतला आणि कळ दाबली. दाराची चौकट सुतात आली. साहेबांचा एक गाल मात्र दुसऱ्या गालाला सोडून परगावी निघाल्यासारखा दिसू लागला.

"बघा, चौकट कशी झकास आलीय!" ओळंबाताई म्हणाल्या. "हाच लावायचा का भिंतीवर?"

मावशींनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. साहेबांनी आपला गाल चाचपला. मग पुटपुटले, "असू देत खांब वाकडे."

नवी प्रत वाचनालयात लागली, तेव्हा काच शेवटची पुसायला मावशी स्टुलावर चढल्या. "ताई, हे खांब असे नव्हते हो कधी! लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत." ओळंबाताईंनी एक डोळा मिटला, फुगलेल्या खांबांवरून नजर कडेपर्यंत नेली, आणि मग स्टूल घट्ट धरून उभ्या राहिल्या. "तुम्ही सावकाश उतरा."