दहा पाण्यांचा सोडा

"सांग, मोल म्हणजे काय?"

दौंडच्या कॉलेजात अकरावीचा रसायनशास्त्राचा तास. सरांचं बोट माझ्याकडं. मी उठले आणि घरात जे ऐकत आले तेच सांगितलं. "मजुरी, सर."

वर्ग हसला. सरही हसले. "खरंय. मेंढरांमागं फिरणाऱ्यांना मजुरीपलीकडं काय दिसणार? उभीच राहा."

तास संपेपर्यंत उभी होते. पुढं दोन वर्षं पोरी मला मोलकरीण म्हणायच्या. मी मोलाचा, म्हणजे पदार्थाचे कण वजनावरून मोजायच्या मापाचा, धडा इतका घोकला, की झोपेतही गणितं सुटायची. शिकायच्या ओढीनं नाही. लाजेनं.

मेंढरं तर आमची कधीच विकली गेली होती. आबा, म्हणजे माझे वडील, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर होते. साहेब चिठ्ठी देणार, आबा तेवढं वजन करून टाकीत ओतणार. ॲसिड मारायला सोडा घालतात. मी बीएस्सीला होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी चिठ्ठीवर एकशे सहा किलो होतं. पण गोदामातून नेहमीच्या भुकटीऐवजी खड्यांचा सोडा आला. आबांनी विचारलं, "साहेब, ह्यो सोडा येगळा दिसतोय. तेवढाच घालू का?"

"केमिस्ट तू आहेस की मी?"

आबांनी ओतला. ॲसिड मेलं असं धरून टाकीची नळी सोडवली. ते मेलं नव्हतं. तोंडावर उडालं आणि आबांचा उजवा डोळा गेला.

मग कागद आला. हेल्परनं सोडा कमी घातला, असा. त्यावर आबांचा अंगठा हवा होता. आणि आबांना ते खरं वाटत होतं. डोळ्याला पट्टी बांधून पडल्या पडल्या विचारायचे, "काट्यावर म्याच चुकलो आसंल का गं?" माझा जीव तुटायचा.

कंपनीच्या रिकाम्या गोण्या सगळेच घरी आणायचे. त्या दिवशी आबांनी बाजूला काढलेली एक त्यांच्या डब्याबरोबर घरी आली होती, ती आमच्या शेळीच्या करडाखाली अंथरली होती. करडाला दूध पाजताना नजर गेली. सोड्याच्या सूत्रापुढं छापलेलं, पाण्याचे दहा रेणू. कोरड्या भुकटीच्या सोड्याचा एक मोल एकशे सहा ग्रॅमचा. ही दहा पाणी धरली की दोनशे शहाऐंशीचा. म्हणजे तेवढंच ॲसिड मारायला दोनशे शहाऐंशी किलो लागत होते. आबांनी ओतलेल्यात चाळीस किलोसुद्धा सोडा नव्हता. बाकी सगळं पाणी.

करडू बाजूला सारून मी गोणी ओढली.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर कंपनीत गेले. साहेबांच्या टेबलावर गोणी पसरली, शेजारी माझा हिशोब ठेवला. त्यांनी तो वाचला. त्यांना कळला, हे मला दिसलं. तरी म्हणाले, "लेंड्या मोजायच्या सोडून आता मोल मोजायला लागलात? अंगठा लावा, हलकं काम देतो."

आबांचा अंगठा शाईकडं गेला. मी त्यांचा हात धरला.

"आबा, तुम्ही न्हाई चुकला."

कागद साहेबांपुढं सरकवला. "चिठ्ठी तुमची हाय. सही तुम्हीच करा."

आबांची नोकरी गेली. डोळा गेलाच होता. माझं गणित त्यांना कधी कळलं नाही. मरेपर्यंत दुकानातला वजनकाटा दिसला की मान खाली घालायचे. ते दुःख माझ्याबरोबरच जाईल.

आता वस्तीत कुठल्याही कंपनीचा असा कागद येवो. आधी मी गोणी मागते. ती वाचल्याशिवाय मी सही करत नाही, आणि आमच्या वस्तीतल्या कुणाचा अंगठा लागू देत नाही.