अठ्ठ्याऐंशी पुरे होते

“मॅडम, अठ्ठ्याऐंशी का? काल तर नव्वद होतं.”

आयसीयूच्या दाराला काच होती आणि त्या काचेतून तीन नंबरच्या बेडचा मॉनिटर दिसायचा. सुनील भोईर सकाळपासून तिथेच उभा होता. बेडवर त्याचा मोठा भाऊ रमाकांत. वय एकतीस. व्हेंटिलेटरवर चौथा दिवस.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी रजिस्ट्रार होते, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची डॉक्टर. रमाकांत तळवलीचा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होता. तिथे अ‍ॅसिडचा ड्रम कलंडला, तपकिरी धूर झाला. हा बाहेर पडला होता, पण आत दोघं राहिलेत हे कळल्यावर तोंडाला ओला रुमाल बांधून परत गेला आणि दोघांनाही ओढून आणलं. संध्याकाळी घरी येऊन नीट जेवला. थोडा खोकला होता, एवढंच. हा धूर असाच फसवतो. काही तास माणूस ठणठणीत असतो आणि आत फुप्फुसं सुजत जातात. सकाळी त्याला बोलताही येत नव्हतं.

मॉनिटरवरचा तो आकडा म्हणजे सॅच्युरेशन. बोटाला चिमटा लावतात, रक्तात किती टक्के ऑक्सिजन भरलाय ते तो सांगतो. तुमचंआमचं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असतं.

आमचे आयसीयूचे प्रमुख डॉ. बर्वे पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “याचं अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव ठेवा. त्याच्या वर मला नको.”

“सर, इतकं कमी?”

“वर न्यायचं तर मशीनचा ऑक्सिजन आणि दाब, दोन्ही वाढवावे लागतील. फार जास्त ऑक्सिजन सुजलेल्या फुप्फुसाला आणखी भाजतो. दाब वाढवला तर फुप्फुसाचा जो काही चांगला भाग उरलाय, तो फाटेल. तेवढ्यात भागतंय ना? लघवी होतेय, बीपी आहे, म्हणजे शरीराला पुरतंय. मग भागू दे.”

तेव्हा असं बोलणारे फार नव्हते. आम्ही शिकलो ते आकडा जितका वर तितका बरा, असंच. मी मान हलवली, पण मला ते पूर्ण पटलं नव्हतं, हे आज कबूल करते.

रमाकांतच्या वडलांना मात्र लगेच पटलं. म्हातारे मिठागरात काम केलेले, पायांना भेगा. मी त्यांना आकडा समजावला तर म्हणाले, “शंभरान अठ्ठ्याऐंशी? मंग चांगलं हाय की, डाक्टरबाय! आमच्या रम्याला शालंन कदी एवरं मारक परलं नाय.” मी हसले. तेही हसले. त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

सुनील शाळेत क्लार्क होता. त्याने चौकशी केली होती. त्याला कुणी तरी सांगितलं होतं की नव्वदच्या खाली म्हणजे डेंजर. तो दिवसातून दहादा विचारायचा, आणि चिडून नाही, हात जोडून. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

पाचव्या दिवशी बर्वे सर दोन दिवसांसाठी साताऱ्याला गेले. त्यांची आई पडली होती. जाताना मला म्हणाले, “तीन नंबरला हात लावू नकोस. एखाद्या टक्क्याने खाली गेलं तरी.”

त्याच दिवशी दुपारी आकडा सत्त्याऐंशीवर आला. सुनीलने ओळखीतून मुंबईतल्या एका बड्या डॉक्टरांना फोन लावला आणि रिसिव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, “सत्त्याऐंशी? अहो, पेशंट घुसमटतोय आणि तुम्ही बघत बसलात? वाढवा.”

मी फोन ठेवला. सुनील समोर उभा. रमाकांतची बायको बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

साताऱ्याला फोन करता आला असता. मी केला नाही. मी आत गेले, मशीनचा ऑक्सिजन साठ टक्क्यांवरून ऐंशीवर नेला आणि पीप दहावरून सोळा केला. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसं मिटू नयेत म्हणून मशीन आत धरून ठेवतं तो दाब. अर्ध्या तासात मॉनिटरवर सत्त्याण्णव आलं.

दाराबाहेर सगळ्यांचे चेहरे पालटले. सुनीलने डोळे पुसले. म्हातारे म्हणाले, “वारला का? वारला?” त्यांच्या बोलीत वाढला म्हणजे ‘वारला’, हे मला माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. मी हो म्हटलं. मलाही बरं वाटत होतं. चार्टवर तो आकडा मी दोनदा गिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलार्म वाजला. बीपी कोसळत होतं. मी मानेला हात लावला तर कातडी बोटांखाली कुरकुरली, कोरडा पापड दाबावा तशी. कातडीखाली हवा शिरली की असं होतं. उजवं फुप्फुस फाटलं होतं.

छातीत नळी घातली, कोंडलेली हवा बाहेर काढली. तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही. नळीतून बुडबुडे यायचे थांबेनात. मग किडन्या गेल्या. नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता रमाकांत गेला.

सर सातव्या दिवशी आले होते. त्यांनी चार्ट उभ्यानेच वाचला.

“कुणासाठी वाढवलंस?”

त्यांनी चार्टचं पान उलटलं.

“सत्त्याऐंशीवर त्याला काय त्रास होता? बीपी?”

“नॉर्मल होतं, सर.”

“लघवी?”

“होत होती.”

ते खुर्चीत बसले. म्हणाले, “हात लावला नसतास तरी फाटलं असतं कदाचित. कदाचित नसतं. आता कळायचा मार्ग नाही.” ओरडले असते तर बरं झालं असतं.

रमाकांत गेल्यावर कागदपत्रांवर सही करायला सुनील माझ्याकडे आला. पेन हातात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

“मॅडम, एक विचारू? त्या दिवशी मी फोन लावला नसता तर?”

हाच प्रश्न मी दोन दिवस स्वतःला विचारत होते. ‘तसं काही नसतं’ म्हणून त्याला उठवणं सोपं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. सरांनी काय बजावलं होतं, मी काय केलं, त्याने काय झालं असेल आणि काय नक्की सांगता येत नाही, सगळं.

“म्हणजे माझ्यामुळेच,” तो म्हणाला.

“नाही. तुम्ही भाऊ आहात, तुम्ही मागणारच. द्यायचं की नाही, हे ठरवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.”

तो ‘माफ केलं’ म्हणाला नाही, शिवीही दिली नाही. सही केली आणि वडलांना हाताला धरून खाली घेऊन गेला. ते लोक पुन्हा मला भेटले नाहीत. ज्या दोघांना रमाकांतने ओढून काढलं होतं, त्यातला एक मात्र दोन महिन्यांनी तपासून घ्यायला आला. फुप्फुसं स्वच्छ होती.

किती ऑक्सिजन पुरे, यावर डॉक्टर अजूनही वाद घालतात. मी त्यानंतर एक केलं. असा पेशंट आला की पहिल्याच दिवशी नातेवाइकांना बसवून सांगते की आपल्याला हा आकडा हवाय, याच्या वरचा नकोय, आणि का नकोय. ते चार्टवर लिहून खाली सही करते. आणि एखाद्या ज्युनियरने खुशीत येऊन सांगितलं, “मॅडम, सॅच्युरेशन सुधारलं,” तर मी विचारते, त्यासाठी मशीनवर काय काय वाढवलंस?