गॅमासाठी सोडलेल्या जागा

ठाण्याच्या कॉलेजात तास घ्यायचे, उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची, असं माझं अकरा वर्षं चाललं होतं. विषय गॅमा किरणांचे स्फोट. आकाशात कुठेतरी काही सेकंद प्रचंड भडका उडतो आणि विझतो. माझे मार्गदर्शक सर म्हणत, हे आपल्याच आकाशगंगेतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांचं काम. पुढे उपग्रहाने दाखवलं की हे स्फोट आकाशगंगेच्या पट्ट्यातूनच नव्हे, तर सगळ्या दिशांनी सारखेच येतात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मग एका स्फोटाचं अंतर अब्जावधी प्रकाशवर्षं भरलं. सर म्हणाले, अपवाद असेल. सरांना तोंड वर करून कोण सांगणार? मी मान डोलावली आणि प्रबंध रेटत राहिलो. भित्रा होतो, दुसरं काय.

अठ्ठ्याण्णव साली प्रबंध डोंबिवलीतल्या, मानपाडा रोडवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून टाइप होऊन आला. टाइपरायटरवर ग्रीक अक्षरं नव्हती, म्हणून त्यांच्या जागा रिकाम्या सोडलेल्या. बायको सकाळची शाळा शिकवून आली की शाईच्या पेनाने त्यांत एकेक गॅमा भरायची. तिचा गॅमा माझ्यापेक्षा देखणा यायचा.

त्याच आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, जिन्याखालच्या पत्रपेटीत सरांचं पोस्टकार्ड मिळालं. दुसऱ्याच कुठल्या आकाशगंगेत एक अवाढव्य तारा साध्या सुपरनोव्हाच्या कितीतरी पट जोराने फुटला होता, आणि बहुधा त्याच जागेहून गॅमा किरणही आले होते. ‘आपला पक्ष आता उरला नाही,’ सरांनी लिहिलं होतं. आपला म्हणे. सर निवृत्त झालेले, त्यांचं काय जाणार होतं. माझी अकरा वर्षं पाण्यात गेली होती. जिन्यातच बसून रडावंसं वाटलं, पण शेजारी भाजी घेऊन वर येत होते.

कार्ड खिशात घालून मी घरात गेलो. बायको टेबलाशी गॅमा भरत बसली होती. सांगायला धीर झाला नाही. त्या दिवशी नाही, बुधवारी नाही, पुढचे दोन दिवसही नाही. रोज मी समोर बसायचो आणि वाळलेलं पान उचलून पुढचं द्यायचो.

शनिवारी शेवटचं पान झालं. तिने पेनाला टोपण लावलं.

“अगं, हे सगळं चुकलंय,” मी म्हटलं. “आता याचा काही उपयोग नाही.”

“माहितेय. ते कार्ड मी मंगळवारी दुपारीच वाचलेलं. परत पेटीत टाकलं. म्हटलं, तुम्ही सांगाल.”

“मग भरत का राहिलीस?”

“तुम्ही पानं देत होतात ना.”