अकरा घड्यांचा चेंडू

गावातून, भाट्याच्या आमच्या घरातून निघालो त्या सकाळी एसटीला वीस मिनिटं होती. मी बावीस वर्षांचा, पुण्यात नोकरी लागलेली. बाबा घरापुढच्या खळ्यात बसून माडाच्या पातींचा चेंडू विणत होते आणि मी समोर वही घेऊन लिहीत होतो. हट्ट माझाच. वाडीतल्या प्रत्येक पोराला हा चेंडू बाबा करून द्यायचे. पुढे माझ्या पोरांना पुण्यात कोण देणार, म्हणून कृती लिहून न्यायची होती. बाबा म्हणाले, "अरे मेल्या, वही ठेव. हाताकडे बघ." मी बघितलं नाही. वेळ कमी होता, आणि लिहून घेतलेलं जात नाही असा माझा समज होता.

त्याला चौतीस वर्षं झाली. मध्ये वही उघडावी लागली नाही, कारण दर मे महिन्यात माझ्या मुलीला चेंडू बाबाच द्यायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

गेल्या शनिवारी मुलीच्या मुलांना, सात वर्षांच्या सईला आणि पाच वर्षांच्या ओमला, भाट्याला घेऊन गेलो. घर एरवी बंद असतं. नऊ माडांपैकी चार उरलेत. त्यातल्या एकाचं हिरवं चुडत, अख्खी झावळी, पाडून घेतलं आणि दिवसभर खळ्यात बसलो. पातींची भिरभिरी केली, पिपाण्या केल्या, मनगटावरची घड्याळं केली. ओमने पाच घड्याळं घातली आणि प्रत्येकात वेगळी वेळ सांगत फिरला. मी त्या दिवशी खूश होतो, तेही लिहायला हवं.

रविवारी चेंडू करायला घेतला. वहीत होतं: पाती चार, लांबी दोन वीत, रुंदी एक बोट, घड्या अकरा. सगळं मोजून कापलं. पण कुठली पात कुणाच्या खालून जाते, ते वहीत नव्हतं. ते बाबांच्या हातात होतं आणि तेव्हा माझी मान खाली होती. सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत चौदा वेळा करून पाहिला. दर वेळी सुटला. शेजारच्या सुमनकाकींना विचारलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. म्हणाल्या, "आम्ही नुसते न्यायला यायचो रे. करायचा तुझा बापूस."

मग आपल्या वाडीच्या याच ग्रुपवर विचारलं. तिथे राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्ही त्रेचाळीस जण आहात. एकवीस जणांनी लिहिलंत की आठवणी जाग्या झाल्या. दोघांनी व्हिडिओ पाठवले, ते सहा पातींचे, वेगळेच. आपला कुणालाच येत नाही.

"आजोबा, तुम्हाला कुणी शिकवलंच नाही का?" सईने विचारलं.

"शिकवलं होतं," मी म्हणालो.

तिने चारही पाती गोळा करून चुरगळल्या, वरून केसांचा रबर लावला आणि दोघं त्याच्याशीच खेळत सुटली. त्यांना काहीच कमी वाटलं नाही. मला तेच सहन झालं नाही. काय गेलं हे त्यांना आता कधी कळायचं नाही, आणि सांगायला माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी कुलूप लावलं. मोजायला सांगा, घराच्या पायऱ्या, खिडक्या, दारापासून समुद्रापर्यंतची पावलं, सगळं सांगेन. घर म्हणजे माझ्याजवळ आता एवढंच आहे. घड्या अकरा आहेत हे मला ठाऊक आहे. पहिली कुठून घालायची, ते नाही.