पिकअपचं तिरकं चाक आणि माझा ओळंबा

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. स्वतःच्या ओळंब्यानं स्वतःचीच फजिती मोजलेला माणूस पाहिलाय का कधी? मग बघा माझ्याकडे!

मी धरणगावचा फरशीवाला. घरापुढच्या अंगणाची फरशी मी स्वतः बसवलेली. येईल त्याला ऐटीत दाखवायचो, "लेव्हल बघा, लेव्हल!" त्याच अंगणात माझी जुनी पिकअप उभी असते. फरशा वाहून वाहून दमलेली बिचारी.

एकदा लक्षात आलं, पुढचं डावं चाक वरून आत झुकलंय. झालं! मोबाइलवर व्हिडिओ बघून मी अर्धा मेकॅनिक झालो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कोन, गेला! धुळ्याला नेऊन सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, बठ्ठं म्हणजे सगळंच नवीन टाकलं. मेकॅनिक म्हणाला, "चाक एकदम सरळ आहे, भाऊ." घरी आणून उभी केली, तर पुन्हा तिरकंच! असा तापलो म्हणून सांगू!

नेमके त्याच दिवशी नाना आले. गावात देवळाचा नवा सभामंडप होत होता, आणि त्याची फरशी कोणाला द्यायची ते नानांच्या हातात. ते काम मिळालं असतं तर तालुकाभर नाव झालं असतं माझं! नाना आले होते माझं अंगण बघायला. आणि मी? मी त्यांना चाक दाखवत बसलो!

"बघा नाना, आजकाल कामात इमानदारीच राहिली नाही!" असं म्हणत मी मडगार्डवरून ओळंबा सोडला. "रिम खाली दोरीला चिकटलीय आणि वर अर्धं बोट लांब. ओळंबा खोटं बोलतो का?"

"नही बा," नाना म्हणाले, "ओळंबा कसाले खोटं बोली? गाडीनं तोंड फिराव बरं जरासं."

फिरवली. जागा तीच, तोंड उलटं. ओळंबा लावला, तर डावं चाक वरून बाहेर आणि उजवं आत!

"अरे बापरे! बिघाड या चाकातून त्या चाकात गेला!"

हो हो, हे मीच बोललो. हसा.

नाना खाली फरशीकडे बघायला लागले. तेवढ्यात आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. "नाना, तुम्हीच सांगा यांना. अंगण धुतलं की सगळं पाणी माझ्या उंबऱ्याशी येतं. मी सांगून थकले, तर म्हणतात तुझा झाडूच वाकडा!"

गाडी सरळ होती हो. तिरकी होती ती माझी फरशी! आणि ते मी मोठ्या आवाजात, पुराव्यासकट, नानांनाच पटवून दिलं होतं.

नाना इतके हसले की बशीतला चहा धोतरावर. मी हळूच विचारलं, "नाना, मग मंडपाचं काम?"

"मंडप दुसराले देसूत. पन मांगे हातपाय धोवानी मोरी शे ना, ती तूच कर. उतार काढाले तुनासारखा मानूस जिल्हामा नही!"

केली मोरी. अगदी जीव ओतून केली. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा लेव्हल अशी अचूक बसली, की पाणी जागचं हलत नाही!